उदबत्ती कोण लावणार?

१५५२ सालच्या जानेवारीत संत फ्रान्सिस झेवियर यांनी कोचीहून युरोपातल्या आपल्या संघबंधूंना एक लांबलचक पत्र लिहिलं. जपानहून ते नुकतेच परतले होते आणि सांगण्यासारखं खूप होतं. त्या पत्रातल्या एका मजकुरापाशी मी दर वेळी थांबते. जपानमध्ये ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांना एक दुःख सारखं छळत होतं. आमचे आईवडील, आजे-पणजे येशूचं नाव कानावर न पडताच गेले. ते आता कुठं असतील? त्यांच्यासाठी काही दानधर्म, काही प्रार्थना करता येईल का? त्या काळच्या शिकवणुकीत याला एकच उत्तर होतं आणि झेवियर यांनी ते दिलं. नरकात गेलेल्याची सुटका नाही. लोक रडू लागले. ज्यावर उपाय नाही अशा दुःखानं आपली प्रिय माणसं रडताना पाहून त्यांनाही वाईट वाटलं, असं ते लिहितात.

याच जपानी लोकांनी त्यांना आणखी एक प्रश्न घातला होता. तुम्ही सांगता ते खरं असेल, तर चिनी लोकांना ते कसं माहीत नाही? जपानला लिपी चीनकडून मिळाली, शास्त्रं चीनकडून मिळाली. चीननं मानलं तर आम्ही मानू. तेव्हा आधी चीन गाठायचा, असं झेवियर यांनी ठरवलं. एप्रिलमध्ये गोवा सोडलं आणि ऑगस्टअखेर ते चीनच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या शांगचुआन बेटावर पोचले. परदेशी माणसाला आत शिरायला सक्त बंदी होती. चोरून किनाऱ्याला नेण्याचं कबूल केलेला व्यापारी आलाच नाही. ३ डिसेंबरला त्या बेटावरच, तापानं, त्यांनी देह ठेवला. दीड वर्षाच्या आत तो देह गोव्यात आणला गेला. दर दहा वर्षांनी जुन्या गोव्यात त्याच्या दर्शनाला आमच्या वसईतूनही माणसं जातात, तासन् तास रांगेत उभी राहतात. ज्याच्यापुढे ती हात जोडतात तो संत चीनच्या उंबऱ्यावर अडला होता, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असतं.

चीनमध्ये ख्रिस्ती धर्म लवकर का रुजला नाही, असा विषय आमच्याकडे निघाला की ठरलेली उत्तरं येतात. भाषा अवघड. बादशहा घमेंडखोर. बुद्धाची आणि कन्फ्यूशियसची पकड घट्ट. नंतर कम्युनिस्ट आले. यातलं काहीच खोटं नाही. तरीही इतकी वर्षं या विषयावर मिळेल ते वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की खरा अडसर झेवियर यांच्यासमोर रडणाऱ्या त्या माणसांच्या प्रश्नात होता. चिनी माणसाला नवा देव घरात घ्यायला फारशी अडचण नव्हती. घरातले मेलेले बाहेर काढायला तो तयार नव्हता.

चिनी घरातली ही व्यवस्था समजून घ्यायला मराठी वाचकाला फार लांब जावं लागत नाही. भाद्रपदात पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्या समाजाला ती आतून कळेल. तिथं दिवंगत माणसाच्या नावाची लाकडी पाटी करतात. ती घरातल्या चौरंगावर किंवा कुळाच्या मोठ्या घरात पिढ्यांच्या क्रमानं मांडतात. तिच्यासमोर उदबत्ती लावायची, जिवंतपणी त्या माणसाला आवडायचं ते जेवण ठेवायचं, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या दिवशी थडग्यांवरचं गवत काढायचं, झाडलोट करायची. लग्न ठरलं की पूर्वजांना कळवायचं, मुलगा झाला की कळवायचं, परीक्षा पास झाल्यावरही कळवायचं. हे सगळं पुढं चालू राहायचं तर मुलगा हवा. निपुत्रिक राहणं हा आईबापांविरुद्धचा सर्वांत मोठा अपराध, असं कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्शियस या तत्त्वज्ञानं इसवी सनापूर्वीच सांगून ठेवलं होतं. शरीर, केस, कातडी आईबापांनी दिलेली. ती सांभाळणं हीच मातृपितृभक्तीची सुरुवात, असं चिनी मुलं पाठ करत वाढत.

आता अशा घरात लग्न न केलेला, डोक्यावर नवं नाव घेतलेला, आईबापांना सात समुद्रांपलीकडे सोडून आलेला एक धर्मगुरू येतो आणि सांगतो की माझ्यामागे या. शुभवर्तमानातली काही वचनं चिनी कानांना कशी लागली असतील याचा मी पुष्कळदा विचार करते. बापाला पुरून येतो म्हणणाऱ्या शिष्याला येशू सांगतो, मेलेल्यांना त्यांचे मेलेले पुरू देत. आम्ही हे वचन प्रवचनात ऐकतो तेव्हा त्यातला अर्थ आम्हाला समजावून दिलेला असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्या चिनी विद्वानाला मात्र ते माणुसकीच्याच विरुद्ध वाटलं तर नवल नाही.

बौद्ध धर्मालाही याच दारात उभं राहावं लागलं होतं. डोकं मुंडन करणारे, संसार सोडणारे भिक्षू चिनी समाजाला कितीतरी काळ खटकत राहिले. पण बौद्धांकडे एक कथा होती. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याची आई मेल्यावर प्रेतयोनीत उपाशी तळमळत होती. त्यानं तिला अन्न दिलं तर तोंडाशी नेताच त्याचे निखारे होत. बुद्धानं त्याला सांगितलं, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला भिक्षुसंघाला अन्नदान कर, तुझी आईच काय, सात पिढ्यांचे पूर्वज सुटतील. चीननं ही कथा इतकी आपलीशी केली की तो दिवस साऱ्या देशाचा सण झाला. आपल्या पितृपक्षाच्या थोडं आधी तो येतो. म्हणजे जपानी लोकांनी झेवियर यांना विचारलं, तेच एखाद्या चिनी बाईनं भिक्षूला विचारलं असतं, तर त्याच्याकडे देण्यासारखं उत्तर होतं. हो, करता येतं. आईसाठी अजूनही करता येतं.

आणि उत्तर आमच्याकडेही होतं. हेच मला सर्वांत जास्त लागतं. कॅथलिक माणूस मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सांगतो, शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाआधी पाप धुऊन निघण्याची वाट पाहणाऱ्या आत्म्यांसाठी प्रार्थना करतो, थडग्यावर मेणबत्ती लावतो. चीनमध्ये पहिल्यांदा पोचलेल्या ख्रिस्ती मंडळींना हे सांगायला जमलंही होतं. ६३५ साली आलोपेन नावाचा पूर्व सिरियन परंपरेतला धर्मगुरू तांग राजवटीच्या राजधानीत पोचला. ७८१ मध्ये उभारलेला त्यांच्या मंडळीचा शिलालेख आज शीआनच्या संग्रहालयात आहे. आपण दिवसातून सात वेळा स्तुती-प्रार्थना करतो आणि तिचा आसरा जिवंतांना आणि मृतांनाही मिळतो, असं त्या दगडावर चिनी अक्षरांत कोरलेलं आहे. ८४५ मध्ये बादशहा वूत्सुंगनं बौद्ध मठांवर वरवंटा फिरवला, त्यात ही छोटी मंडळीही चिरडली गेली. मग आठशे वर्षं त्या वाक्याची कुणाला गरज पडली नाही.

झेवियर यांच्याच येशूसंघातले, म्हणजे जेझुइट, इटालियन धर्मगुरू मत्तेओ रिच्ची १५७८ मध्ये गोव्याला आले तेव्हा पंचविशीत होते. चीनला जाण्याआधीची बरीचशी वर्षं त्यांनी गोव्यात आणि कोचीत काढली. त्या काळात त्यांनी रोमला लिहिलेल्या एका पत्राचा उल्लेख मला इथं करावासा वाटतो. स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचं उच्च शिक्षण देऊ नये, ते गर्विष्ठ होतील, असं गोव्यातल्या वरिष्ठांचं धोरण होतं. तरुण रिच्चींनी त्याला विरोध नोंदवला. पुढं चीनमध्ये त्यांनी जे केलं त्याचं बी मला या पत्रात दिसतं. त्याच काळात गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट येऊन दाखल झाले होते. साष्टीत राहून त्यांनी मराठी आत्मसात केली आणि १६१६ मध्ये राचोलहून त्यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापून निघालं. एकाच संघाचे, जवळजवळ एकाच वयाचे दोन तरुण. एक ज्ञानेश्वरीच्या छंदाकडे वळला, दुसरा कन्फ्यूशियसच्या ग्रंथांकडे.

१५८३ मध्ये रिच्ची आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी मिकेले रुज्जिएरी दक्षिणेतल्या झाओछिंग गावी राहू लागले. सुरुवातीला त्यांनी बौद्ध भिक्षूंसारखं मुंडन केलं, तसेच कपडे घातले. वेदीवर पवित्र मरियेचं चित्र लावलं, तर या लोकांचा देव बाई आहे असं गावात पसरलं. ते चित्र काढून तारणाऱ्याचं लावावं लागलं. भिक्षूंना विद्वानांच्या जगात मान नाही हे कळल्यावर १५९५ मध्ये रिच्चींनी दाढी-केस वाढवले, पंडितांचा रेशमी अंगरखा घातला. १६०० मध्ये बीजिंगकडे जाताना त्यांना एका बलाढ्य खोजानं अडवलं आणि त्यांचं सामान उघडलं. त्यात क्रूसावर खिळलेल्या, रक्तानं माखलेल्या येशूची मूर्ती निघाली. बादशहाला मारायला केलेली ही करणी आहे, असं म्हणून त्यानं थयथयाट केला. रिच्चींना तिथं उभ्या उभ्या समजावून सांगणं फार जड गेलं. आमच्या डोळ्यांना क्रूसाची इतकी सवय झालेली असते की तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला काय दिसतं हे आम्ही विसरून गेलो आहोत. त्याला छळ करून मारलेला एक गुन्हेगार दिसतो. पुढं १६६० च्या दशकात यांग ग्वांगश्यान नावाच्या कट्टर विरोधकानं जेझुइटांच्याच पुस्तकातली क्रूसाची चित्रं पुन्हा छापली आणि लोकांना सांगितलं, पाहा, यांचा देव कायद्यानं मारला गेलेला बंडखोर आहे. बादशहाची दिनदर्शिका तेव्हा जेझुइट तयार करत. चीनमध्ये चांगली दिनदर्शिका नसली तरी चालेल, पण पाश्चात्त्य नकोत, असं हाच गृहस्थ म्हणाला होता. त्या प्रकरणात आडाम शाल या वृद्ध जेझुइटाला मृत्युदंड झाला. ती शिक्षा पुढं रद्द झाली, पण खगोल खात्यातल्या पाच चिनी ख्रिस्ती अधिकाऱ्यांची डोकी उडवली गेली.

तरीही रिच्चींना माणसं मिळाली, आणि ती मोठी मिळाली. शू ग्वांगछी १६०३ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढं राज्याच्या सर्वोच्च पदांवर पोचले. रिच्चींबरोबर त्यांनी युक्लिडची भूमिती चिनीत आणली. शांघायचा एक मोठा भाग आजही त्यांच्या कुळाच्या नावानं ओळखला जातो. ली झिझाओ यांना विश्वास कधीच पटला होता, पण घरात दुसरी बाई होती. तिला सोडल्याशिवाय स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, नाही. १६१० मध्ये त्यांनी तिला घराबाहेर केलं आणि संस्कार घेतला. त्या बाईचं पुढं काय झालं, हे कुठल्याही चरित्रात मला सापडलेलं नाही. एकपत्नीव्रत ही आमच्या धर्माची मोठी देणगी आहे असं मी मनापासून मानते, पण तिची किंमत त्या घरात नेमकी कुणी मोजली, हे आमच्या इतिहासानं लिहायला हवं होतं.

पूर्वजांच्या पाटीबद्दल रिच्चींचं मत असं झालं की हे मूर्तिपूजन नाही. मेलेले येऊन जेवत नाहीत हे चिन्यांनाही ठाऊक आहे. पोरांनी जिवंत आईबापांचा मान राखायला शिकावं म्हणून हे चालतं. तेव्हा ख्रिस्ती झालेल्या माणसानं उदबत्ती लावायला, वाकून नमस्कार करायला हरकत नाही. त्यांच्या मृत्यूनंतरही बहुतेक जेझुइट याच वाटेनं गेले.

पुढं डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघांचे मिशनरी आले. ते खेड्यापाड्यांत राहिले. तिथं त्यांना पंडितांच्या घरात दिसत नाही ते दिसलं. माणसं पाटीपुढं नवस बोलत, पूर्वज रुसले म्हणून घाबरत, संकटात त्यांनाच हाक मारत. हे मूर्तिपूजन नाही तर काय, असं त्यांनी रोमला विचारलं. त्यांचं म्हणणं उडवून लावावं असं मला वाटत नाही. जेझुइटांनी चीन वरच्या मजल्यावरून पाहिला, यांनी तळमजल्यावरून. १६४५ मध्ये रोमनं विधींना बंदी केली, १६५६ मध्ये जेझुइटांची बाजू ऐकून परवानगी दिली. दोन्ही आदेश एकाच वेळी लागू आहेत की काय, हे कुणालाच नीट सांगता येईना.

त्यानंतर कांग्शी बादशहाच्या दरबारात जे घडलं ते वाचताना जीव तळमळतो. कारण दार उघडलं होतं. १६९२ मध्ये या बादशहानं ख्रिस्ती उपासनेला रीतसर मोकळीक दिली होती. १७०० मध्ये जेझुइटांनी त्याला विचारलं, तेव्हा त्यानं स्वच्छ सांगितलं की हे विधी आदर दाखवण्यासाठी आहेत, वर मागण्यासाठी नाहीत. पण रोमचं मत बनत आलं होतं. १७०४ मध्ये पोप क्लेमेंट अकरावे यांनी विधींविरुद्ध निर्णय दिला. त्यांचे दूत शार्ल द तूर्नों वाटेत पाँडिचेरीला उतरले होते. त्यांनी त्याच वर्षी दक्षिण भारतातल्या ख्रिस्ती लोकांच्या चालीरीतींवरही बंदी घातली. मदुरेत रॉबर्ट द नोबिली या जेझुइटानं स्थानिक चालीरीतींशी जुळवून घेत जे बांधलं होतं त्याला सुरुंग लावून ते बीजिंगला गेले. तूर्नोंच्या बाजूनं बोलायला बिशप मेग्रो उभे राहिले. कांग्शीनं त्यांना आपल्या सिंहासनामागची चार चिनी अक्षरं वाचायला सांगितली. त्यांना ती सगळी वाचता आली नाहीत. हा माणूस दाराबाहेर उभा राहून घरातल्या गोष्टींवर बोलतो, असं बादशहानं लिहिलं. यापुढं रिच्चींच्या नियमांनी वागेन आणि परत मायदेशी जाणार नाही, असं लिहून देईल त्याच मिशनऱ्यानं चीनमध्ये राहावं, असा हुकूम निघाला.

ही गोष्ट कुणाला ठाऊक नसते. एक बिगरख्रिस्ती बादशहा ख्रिस्ती धर्मगुरूंना सांगत होता, तुमच्याच रिच्चींसारखे राहा, म्हणजे राहता येईल. १७१५ मध्ये रोमनं बंदी पुन्हा कडक केली. तो आदेश वाचल्यावर कांग्शीचा धीर सुटला. असल्या लोकांनी इथं धर्मप्रसार करायची गरज नाही, कटकट तेवढी वाचेल, या अर्थाचा शेरा त्यानं मारला. त्याच्या मुलानं १७२४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. १७४२ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी वाद कायमचा मिटवला. चीनला जाणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्यानं विधींना थारा देणार नाही अशी शपथ घ्यायची. ही शपथ जवळजवळ दोनशे वर्षं घेतली गेली.

आमच्याकडेही वारं तेच होतं. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, ख्रिस्ती घरांतली तुळस, धोतर-चोळी, लग्नातली गाणी यांवर लांबलचक बंदीपत्रक काढलं. वसईत आमच्या लोकांनी मात्र बोली, लुगडं, लग्नातले विधी बरेचसे टिकवले. २ नोव्हेंबरला आम्ही सगळे कबरस्तानात जातो. आदल्या दिवसांत कबरी धुऊन, फुलांनी सजवून ठेवलेल्या असतात. फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत जातात. लहानपणी मी आजीला विचारलं होतं की पोर्तुगीज यायच्या आधीच्या आपल्या माणसांच्या कबरी कुठं आहेत? ती म्हणाली, त्यांना जाळलं, त्यांच्या कबरी नाहीत. मग त्यांच्यासाठी मेणबत्ती कुठं लावायची? आजीनं एक जास्तीची मेणबत्ती कुंपणाजवळच्या मातीत लावली आणि म्हणाली, ही त्यांची. तिनं कुणा फादरला विचारलं नव्हतं. तिला ते विचारण्यासारखं वाटलंच नसावं. चिनी विधींचा वाद पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आजी आठवली आणि वाटलं, रोमच्या त्या समितीत एखादी शेतकरी म्हातारी असती तर निकाल वेगळा लागला असता.

एकोणिसाव्या शतकाबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण ते शरमेचं आहे आणि त्यात आमच्या मुंबईचा हात आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या पैशावर इथं हवेल्या, धर्मादाय संस्था, रस्ते उभे राहिले. अफू अडवणाऱ्या चीनवर इंग्रजांनी युद्ध लादलं. २९ ऑगस्ट १८४२ ला नानजिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस युद्धनौकेवर झाला, ती मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी बांधलेली सागवानी नौका होती. कार्ल ग्युत्सलाफ यांच्यासारखा मिशनरी अफूच्या जहाजावर दुभाष्या म्हणून जाई आणि एका बाजूनं पेट्या उतरत असताना दुसऱ्या बाजूनं धर्मपत्रकं वाटे. पुढच्या तहांनी मिशनऱ्यांना देशभर फिरायचा हक्क मिळवून दिला. तोफेच्या धाकानं उघडलेल्या दारातून सुवार्ता आत गेली, आणि चिनी माणसानं ते पाहिलं.

गावात त्याचा अर्थ फार रोजचा होता. देवळाच्या जत्रेची, नाटकाची, पावसासाठीच्या पूजेची वर्गणी ख्रिस्ती झालेल्या घरानं द्यायची नाही. तशी सूटच सरकारकडून मिळाली. वर्गणी बुडाली की गावकीत फट पडते, हे आपल्याकडच्या कुठल्याही सरपंचाला सांगावं लागणार नाही. अनाथाश्रमातल्या सिस्टर मरणाला टेकलेली मुलं घेत, त्यांना स्नानसंस्कार देत. मुलं मरत. लोकांत कुजबुज सुरू झाली की डोळे आणि काळीज काढून घेतात. १८७० मध्ये तियानजिनच्या जमावानं दहा सिस्टरांसह वीसेक परदेशी माणसं ठार केली. १९०० मध्ये उत्तर चीनमध्ये दुष्काळ पडला तेव्हा परकीयांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर नावाच्या बंडखोरांनी सांगितलं, ख्रिस्ती लोकांमुळे पाऊस रुसला आहे. हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले. त्यांनी आपला विश्वास सोडला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

प्रोटेस्टंट मिशनऱ्यांमध्येही पूर्वजांचा प्रश्न निघाला होता. १८९० च्या शांघाय परिषदेत मार्टिन नावाच्या ज्येष्ठ अमेरिकन मिशनऱ्यानं पूर्वजांच्या विधींबाबत सबुरीनं घ्या, असा निबंध मांडला. हडसन टेलर या इंग्रज मिशनऱ्यानं उठून निषेध केला आणि ज्यांना हे मान्य नाही त्यांनी उभं राहावं असं आवाहन केलं. बहुतेक सभागृह उभं राहिलं. हे तेच टेलर, ज्यांनी चिनी पोशाख घातला, शेंडी ठेवली, आयुष्य आणि घरातली माणसं त्या मातीत घालवली. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण कपडे बदलणं आणि उदबत्तीला हात लावू देणं यांत केवढं अंतर होतं ते इथं दिसतं.

मी काही वर्षं सिंगापूरला होते. शेजारी एक चिनी आंटी राहायच्या. त्यांचा थोरला मुलगा कॉलेजात असताना एका मोठ्या प्रोटेस्टंट मंडळीत गेला. आंटींचा त्याला विरोध नव्हता. दारू सोडली, रविवारी लवकर उठतो, येशू चांगलाच दिसतोय, असं त्या म्हणायच्या. मग आंटींचे यजमान गेले. इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत मांडव घातला, ताओ पुजारी आला. विधीत थोरल्या मुलानं उदबत्ती घेऊन पुढं यायचं असतं. तो आला नाही. कडेला उभा राहून डोळे मिटून प्रार्थना करत होता, त्याचे गाल भिजलेले होते. धाकट्यानं उदबत्ती घेतली. नातेवाइकांनी थोरल्याकडे पाहिलंही नाही. आठवड्यानंतर आंटी माझ्याकडे आल्या आणि विचारू लागल्या, तुझ्या चर्चमध्ये पण असंच आहे का? मी सांगितलं की नाही, आमच्याकडे आता चालतं. इथल्या काही कॅथलिक चर्चमध्ये अस्थी ठेवायचे कोनाडे आहेत, लोक फुलं घेऊन येतात, नमस्कार करतात. आंटी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, मग तो तुमच्याकडे का नाही आला? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा वाईट नव्हता. त्याला शिकवलं होतं की बापावर प्रेम कर, पण उदबत्ती धरलीस तर येशूला नाकारलंस. एकविसाव्या शतकातला मुलगा १७४२ ची शपथ पाळत होता आणि त्याला ती कुणाची हेही माहीत नव्हतं.

आमच्याकडे चालतं असं मी आंटींना सांगितलं, ते १९३९ च्या डिसेंबरपासून चालतं. पोप पायस बारावे यांच्या काळात रोमनं आदेश काढला की कन्फ्यूशियसचा आणि पूर्वजांचा आदर करणारे विधी नागरी स्वरूपाचे आहेत, ख्रिस्ती माणसानं त्यात भाग घ्यायला हरकत नाही. शपथही गेली. रिच्ची जे म्हणत होते तेच. १९७१ च्या चिनी नववर्षाला कार्डिनल यू पिन यांनी तैपेईत उघडपणे पूर्वजांना वंदन करण्याचा सोहळा केला. चिनी बिशपांच्या बाबतीतही असाच उशीर झाला. पहिले चिनी बिशप लुओ वेनझाओ यांना १६८५ मध्ये दीक्षा मिळाली. त्यानंतरचे सहा चिनी बिशप थेट १९२६ मध्ये.

इथवर माझं म्हणणं नीट बसतं. पण पुढचे आकडे ते बसू देत नाहीत. १९४९ मध्ये चीनमध्ये सुमारे तीस लाख कॅथलिक आणि दहा लाखांच्या आसपास प्रोटेस्टंट होते. पुढच्या काही वर्षांत परदेशी मिशनरी झाडून बाहेर काढले गेले. २०१८ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत कॅथलिक साठ लाख आणि प्रोटेस्टंट तीन कोटी ऐंशी लाख आहेत. नोंदणी नसलेल्या, घराघरांत भरणाऱ्या मंडळ्या वेगळ्याच. म्हणजे पूर्वजांना नमस्कार करू देणाऱ्यांची संख्या वाढत्या लोकसंख्येच्या मानानं जेमतेम टिकली, आणि पाटीला हात लावू नका म्हणणारे कितीतरी पटींनी वाढले.

याचा अर्थ लावताना मला दोन गोष्टी दिसतात. एक, सुवार्ता सांगणारा आता गावातलाच होता. तोफ नाही, तह नाही, परदेशी पैसा नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून प्रार्थना करणारी शेजारीण होती, आणि पकडली गेली तर तुरुंगात तीच जाणार होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आणि आमची माणसं तरीही आपल्या स्थानिक धर्मगुरूंबरोबर ख्रिस्ती राहिली. त्यामुळे ही गोष्ट मला परकी वाटत नाही. दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे. १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीच्या पोरांनी कुळांची घरं फोडली, पाट्या जाळल्या, वंशावळ्या नष्ट केल्या, थडगी उखडली. मिशनऱ्यांना साडेतीनशे वर्षांत जे जमलं नाही ते सरकारनं काही वर्षांत केलं. ज्या माणसाकडे पाटीच उरली नाही, त्याला पाटी सोडायला सांगणं सोपं होतं. त्या उजाड घरात प्रार्थना शिरली आणि माणसं तगली, याबद्दल मी देवाचे आभार मानते. पण चिनी संस्कृतीनं दार उघडलं, असं याला मी म्हणणार नाही. दार कुणीतरी आधीच तोडलं होतं.

आणि ते दार पुन्हा बसवलं जात आहे. २००८ पासून छिंगमिंगला सरकारी सुट्टी असते. दक्षिणेकडच्या गावांत कुळांची घरं नव्यानं बांधली गेली, वंशावळ्या पुन्हा लिहिल्या गेल्या. दुसरीकडे धर्माचं चिनीकरण करा असा सरकारचाच आग्रह आहे. वेनझोउसारख्या, भरपूर चर्च असलेल्या शहरात २०१४ नंतर इमारतींवरचे क्रूस उतरवले गेले. एका बाजूला पूर्वज परत येत आहेत, दुसऱ्या बाजूला चिनी कसं व्हायचं हे सरकार ठरवत आहे. छिंगमिंगला कॅथलिक धर्मगुरू लोकांबरोबर कबरस्तानात जातात, मिस्सा होते, पवित्र पाणी शिंपडलं जातं. बऱ्याच प्रोटेस्टंट घरांनी मधला मार्ग काढला आहे. उदबत्तीऐवजी फुलं, गुडघे टेकण्याऐवजी मान लववणं, कागदी नोटा जाळण्याऐवजी एखादं गीत. पण काकांनी उदबत्ती पुढं केली तर ती घ्यायची की नाही, यावरून अजूनही घरं दुभंगतात. त्या थोरल्या मुलाचं आणि आंटींचं अलीकडे बरं चाललं आहे, एवढं कळलं. पण छिंगमिंगला यजमानांच्या अस्थींकडे जाताना आंटी अजून धाकट्यालाच बरोबर नेतात.